मत मागणाऱ्यांची मते

मराठी भाषेने एक मोठी गंमत करून ठेविली आहे. मनातल्या विचारालाही आपण 'मत' म्हणतो आणि निवडणुकीतल्या कौलालाही 'मत'च म्हणतो. त्यामुळे पुढारी आणि मतदार यांचा सगळा व्यवहार एका शब्दात उरकतो. तो आपल्याला मते सांगतो, आपण त्याला मत देतो. आपण काय दिले ते विसरण्याची सोय नसते. बोटाला शाई लागलेली असते. त्याने काय दिले, याची नोंद मात्र बहुधा कोणाच्याच घरी सापडत नाही.

दिवाळी हा हिशेबाचा सण. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही काढतो आणि जुनीतली येणी-देणी एकदा डोळ्यांखालून घालतो. तेच काम आज या सदरातून करावयाचे योजिले आहे. हिशेब एका पुढाऱ्याच्या मतांचा. माणूस आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचा, आणि जुन्या वळणाच्या पक्षात जन्म काढलेला. तो आज हयात नाही. तेव्हा वाखाणले म्हणून मला काही मिळावयाचे नाही आणि दोष दाखविला म्हणून काही जावयाचे नाही. अशा हिशेबाला यापेक्षा सोयीची बैठक कोणती?

पांडुरंग पुंडलिक फुंडकर हे त्यांचे पूर्ण नाव. जिल्ह्याला ते भाऊसाहेब म्हणूनच ठाऊक.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमचा जिल्हा दुमजली केला आहे. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. त्याला आम्ही 'घाटावर' म्हणतो. खालच्या मजल्यावर पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव; ते 'घाटाखाली'. खालची जमीन काळी, आणि तिच्यावर राज्य कापसाचे. या कापसासाठी इंग्रजाने १८७० सालीच खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा आणला. आमच्याकडे घरे बांधली गेली ती कापसावर, मुलींची लग्ने झाली ती कापसावर, आणि माणसे कर्जात बुडाली तीही कापसावरच.

या घाटाखालच्या मुलखात भाऊसाहेबांचे राजकारण उभे राहिले. १९७८ मध्ये ते जनता पक्षातर्फे खामगावातून आमदार झाले, १९८० मध्ये पुन्हा, तेव्हा भारतीय जनता पक्षातर्फे. १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन वेळा अकोल्याने त्यांना लोकसभेत पाठविले. पुढे ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. २००५ पासून २०११ पर्यंत विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते. जुलै २०१६ मध्ये राज्याचे कृषिमंत्री झाले आणि ३१ मे २०१८ रोजी, त्या पदावर असतानाच, मुंबईत हृदयविकाराने गेले. म्हणजे चाळीस वर्षांच्या राजकारणात मंत्रिपदाची खुर्ची जेमतेम दोन वर्षांची. बाकीचा काळ मागण्यात गेला. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता 'जुन्या वळणाचा' म्हणजे काय? विलायती पुस्तके सांगतात की जुन्या वळणाच्या माणसाला सरकार थोडके हवे असते. बाजार मोकळा असावा, कर कमी असावा, आणि घर, धर्म, रूढी यांना कोणी हात लावू नये. आमच्या वऱ्हाडात ही व्याख्या अर्धीच लागू पडते. ते मला पुस्तकाने नव्हे, थोरल्या मामांनी शिकविले. मामा खामगावजवळ कोरडवाहू कापूस करतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि पक्षाचे नाव काढले की कानाची पाळी लाल होते. एकदा मी त्यांना विचारले,

"मामा, तुम्हांला सरकारने नेमके करावे तरी काय?"

"हे पाय बाबू," मामा म्हणाले, "मार्केटात सरकार पाह्यजे. कापसाचा भाव पडला, तं सरकारनं उभं राह्यलं पाह्यजे. पन देवघरात सरकार कायले पाह्यजे? तिथं आमी आन् आमचा देव."

मार्केटात सरकार हवे, देवघरात नको! विद्यापीठात यावर प्रबंध लिहिले जातील, पण इतक्या थोडक्यात कोणी सांगणार नाही. मी तर म्हणतो की पश्चिम विदर्भातल्या जुन्या वळणाच्या राजकारणाचा हा सगळा जाहीरनामाच आहे. भाऊसाहेबांच्या आणि त्यांच्या पक्षाच्या मतांची वही उघडली, तर तीतही हीच दोन खाती निघतात.

पहिले खाते मार्केटाचे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच घालावयाचा. या शतकाच्या आरंभी ती मोडीत निघाली आणि शेतकरी एकदम मोकळ्या बाजारात येऊन पडला. पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. आत्महत्या वाढल्या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा एक. २००८ मध्ये केंद्राची मोठी कर्जमाफी आली, पण पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट होती. कोरडवाहू मुलखात माणसाच्या नावावर जमीन जास्त आणि घरात येणारे पीक कमी, असा प्रकार. तेव्हा बागायती मुलखातला दोन एकरांचा धनी माफीत बसला आणि आमच्याकडचा आठ एकरांचा कर्जदार बाहेर राहिला. या काळात भाऊसाहेब विरोधी बाकांवर होते. सात-बारा कोरा करा, ही त्या बाकांवरची मागणी होती आणि ती खोटी नव्हती.

मग वहीचे पान उलटले. २०१४ मध्ये त्यांच्या पक्षाचे सरकार आले, २०१६ मध्ये कृषिखाते खुद्द त्यांच्याकडे आले, आणि कर्जमाफी मागणारे आता पलीकडच्या बाकांवर जाऊन बसले. सरकारचे म्हणणे आता असे, की कर्जमाफी हा काही कायमचा उपाय नव्हे. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून निघालेली ही गोष्ट राज्यभर पसरली, रस्त्यांवर दूध ओतले गेले. त्या महिन्याच्या २४ तारखेला सरकारने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली; मर्यादा कुटुंबामागे दीड लाख. अर्ज ऑनलाइन. नवरा-बायकोने मिळून जावयाचे आणि यंत्रावर अंगठे उमटवावयाचे. मामांनी मामींना घेऊन गावच्या केंद्रावर तीन फेऱ्या घातल्या. "लग्नात बी एवढे फेरे नव्हते," असे मामी त्यावर म्हणाल्या.

त्याच वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी आली आणि उभे पीक आतून पोखरून गेली. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि कृषिखात्यावर टीकेची झोड उठली. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात बोंडअळीची मदत जाहीर झाली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. आकडा ऐकून मामांनी पेढे आणावयाचेच बाकी ठेविले होते. परंतु या रकमेत सरकारच्या आपत्ती निधीचा वाटा एक, पीकविम्याचा दुसरा, आणि हेक्टरी १६,००० रुपये बियाण्यांच्या कंपन्यांकडून यावयाचे होते. कंपन्यांनी हात वर केले. कोरडवाहूला आपत्ती निधीतून ६,८०० रुपयांचा आधार होता; बाकीच्याची वाट पाहावी लागली.

येथे भाऊसाहेबांना खोटे ठरविण्याचा माझा हेतू नाही. चाळीस वर्षे ज्याने कापसाचे गाऱ्हाणे मांडले, त्याला ते गाऱ्हाणे काय आहे हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण मागणारा आणि देणारा यांच्यात खजिन्याचा दरवाजा असतो, आणि तो आतून पाहिला की वेगळा दिसतो. म्हणून मी म्हणतो, पुढाऱ्याचे मत विरोधी बाकावर ऐकावे आणि खुर्चीवर तपासावे. केवळ पहिले ऐकून हुरळू नये. केवळ दुसरे पाहून शिव्याही देऊ नयेत.

आता दुसरे खाते, देवघराचे.

आमच्या जिल्ह्यात श्रद्धेला तोटा नाही. शेगावला गजानन महाराज आहेत. पिंपळगाव सराईला सैलानीबांबाचा दर्गा आहे. होळीला तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि सर्व धर्मांची माणसे आपल्या घरातल्या भ्रमिष्टांना घेऊन तिथे येतात. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे कोणते धान्य हलले ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. त्या घटावर पान-सुपारीही असते. ते राजाच्या गादीचे चिन्ह. पान हलले की नाही, यावर मुंबई-दिल्लीच्या बातमीदारांचेही लक्ष असते!

अशा मुलखात अंधश्रद्धाविरोधी कायद्याची गोष्ट आली, तेव्हा काय झाले असेल ते सांगावयास नकोच. विधेयक डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने मंजूर केले आणि विधान परिषदेत ते अडकले. त्या काळी परिषदेत विरोधी पक्षनेतेपदी भाऊसाहेब होते, आणि भाजप-शिवसेना युतीचा विधेयकाला विरोध होता. वारकऱ्यांतूनही आक्षेप येत होते. उद्या कीर्तनावर, वारीवर, नवसावर सरकार बोट ठेवील, ही भीती होती. मसुदे बदलत गेले, वर्षे गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला.

हा कायदा मी वाचला आहे. त्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडा-दोरा करणे हा गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यात असेही लिहून ठेविले आहे की यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, भजन, प्रवचन यांना तो लागू नाही. म्हणजे ज्यांनी हरकत घेतली त्यांची भीतीही कायद्यात नोंदली गेली. यात जुन्या वळणाच्या माणसांचा काही वाटा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण त्या चाळणीला आठ वर्षे लागली, हेही त्याच खात्यात मांडावे. आणखी एक नोंद आहे. २०१४ मध्ये विरोधकच सत्तेवर आले. त्यांनी हा कायदा रद्द केला नाही. मत होते विरोधाचे. खुर्चीवर बसल्यावर मात्र कायदा जिथे होता तिथेच राहिला. याला मी ढोंग म्हणणार नाही. येणारे आडवावयाचे आणि आलेले मोडावयाचे नाही, हा जुन्या वळणाचा स्वभावच आहे.

दोन्ही खात्यांच्या मध्ये उभा असलेला एक प्राणी आहे, तो म्हणजे बैल. पोळ्याला त्याच्या गळ्यात माळ घालून आम्ही त्याला घरोघर फिरवितो. तेव्हा तो देवघरातला. आणि तो म्हातारा झाला की बैलबाजारात नेतो. तेव्हा तो मार्केटातला. गाईची कत्तल आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. १९९५ मध्ये युती सरकारने त्यात बैल आणि वळू घातले, आणि वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, राष्ट्रपतींची संमती मिळून ते अमलात आले. मामांचा हात त्या दिवशी आपोआप जोडला गेला. पुढे दोन वर्षांनी त्यांचा एक बैल थकला, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना. "त्याले विकाव तं गिऱ्हाईक नाही, ठेवाव तं कडबा नाही," मामा म्हणाले. मी काही बोललो नाही. मामाही त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. बैल मात्र गोठ्यात राहिला. मार्केट आणि देवघर यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही, हे त्या बैलाने आम्हां दोघांनाही दाखविले.

पण खरी गोष्ट बैलाची नाही, वाचकहो. ती मुलीची आहे.

सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. जिजाऊंचा जन्म तिथला, १२ जानेवारी १५९८ चा. दरवर्षी त्या दिवशी तिथे लाखो माणसे लोटतात, आणि सर्व पक्षांचे पुढारी, जुन्या वळणाचे आणि नव्या वळणाचेही, माथा टेकवून जातात. आता याच जिल्ह्याचा जनगणनेचा आकडा पाहा. २००१ मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ झाल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. म्हणजे जिजाऊंच्या माहेरी, दहा वर्षांत, दर हजारामागे त्रेपन्न मुली कमी झाल्या. त्या कोठे गेल्या, हे कुटुंबवत्सल वाचकांना मी सांगावयास नको. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा होता, जयंती होती, पुतळे होते, मुली नव्हत्या.

मुलगी हा घरातला प्रश्न. मामांच्या भाषेत देवघराच्या बाजूचा. तेव्हा जुन्या वळणाच्या पक्षाने येथे 'सरकार कायले?' म्हणावयास हवे होते. घडले ते उलट. २२ जानेवारी २०१५ रोजी केंद्रातल्या त्यांच्याच सरकारने 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू केले, आणि पहिल्या शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे दहा निवडले, त्यांत बुलढाणा होता. उंबरठ्याच्या आत सरकारने येऊ नये म्हणणाऱ्यांनीच सरकारला हाताला धरून आत आणले. मला त्यांची ही कृती त्यांच्या पुष्कळ भाषणांहून मोलाची वाटते.

हे मी मामांना सांगितले तेव्हा ते गप्प बसले. उत्तर मामींनी दिले, सुपातले धान्य न थांबविता: "सोनोग्राफीचं मशीन पोटात पायते ते चालते, आन् सरकारनं दारातून पाह्यलं तं बाटते काय? गावातले पोरं पस्तिशीचे झाले, बायका भेटून नाही राह्यल्या. आता पुसा त्याहिले, देवघर कोन्तं आन् मार्केट कोन्तं!"

यानंतर मामांनी आपला सिद्धांत थोडा दुरुस्त केला. देवघरात सरकार नको, पण स्वयंपाकघरातून मामी हाक मारतील तेव्हा त्याने यावे, एवढी पोटकलम त्यांनी मंजूर केली.

माझ्या मते हिशेबाची शिल्लक येथे आहे. पुढारी आपल्याला विचारतो की सरकार थोडके हवे की पुष्कळ, जुने हवे की नवे. हे प्रश्न सभेला शोभतात. घरातल्या माणसाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: जिथे सर्वांत दुबळा माणूस उभा आहे, तिथे तुझे मत काय करते? मार्केटात दुबळा असतो कोरडवाहू शेतकरी. तिथे सरकार हवे हे मामांना आपसूक कळले, कारण तो दुबळा ते स्वतः होते. घरात दुबळी असते न जन्मलेली मुलगी, मारहाण सोसणारी 'झपाटलेली' सून. तिच्या बाजूने बोलणे अवघड, कारण तिथे बलवान आपणच असतो. जुन्या वळणाचा असो वा नव्या, पुढारी या दुसऱ्या जागी काय करतो तेवढे पाहावे.

आणि पाहण्याची पद्धत भाऊसाहेबांच्याच नावाने चाललेल्या एका योजनेतून घ्यावी. त्यांच्या निधनानंतर, २०१८ मध्येच, राज्याने 'भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना' सुरू केली. तिचे अनुदान एकदम हातात पडत नाही; तीन वर्षांत पन्नास, तीस आणि वीस टक्के असे मिळते. दुसरा नि तिसरा हप्ता कधी? झाडे ठरलेल्या प्रमाणात जगली असतील तरच. पुढाऱ्याच्या मतांनाही आपण हीच अट घालावी. पहिल्या वर्षी अर्धा विश्वास द्यावा. माणसाला सुरुवात तर करू दिली पाहिजे. दुसऱ्या वर्षी शेतात जाऊन रोपे मोजावीत. जगली असतील तर पुढचा हप्ता. वाळली असतील, तर भाषण कितीही हिरवे असले तरी हप्ता बंद.

यंदा फराळाला पाहुणे येतील तेव्हा राजकारणाच्या गप्पा होणारच. त्यांच्यापुढे चकलीची ताटली सरकवावी आणि हळूच विचारावे, तुमच्या आमदाराची किती झाडे जगली? मामांकडे हा प्रश्न मी गेल्याच महिन्यात टाकून आलो. ते अजून मोजताहेत.